डावं मागचं चाक

ती पिकअप दिसायच्या आधी तिचा वास आला. खालापूरहून साजगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गॅरेज आहे. वारा रस्त्याकडून असला की डिझेल, कारखान्यांचा धूर, टपरीवरचं तळण, सगळंच आत येतं. त्या सकाळी त्यात कुजलेलं काहीतरी होतं. मी हातातला पाना खाली ठेवला. वासामुळे ठेवला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, पण ते खरं नव्हतं. त्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक मी बंद करून ठेवलेला होता. आठ महिन्यांपूर्वी, माझ्या हातानं. आणि माझ्या उस्तादांना ते माहीत नव्हतं.

गाडी कोंबडीची घाण वाहायची. कर्जतपासून खोपोलीपर्यंतच्या चिकनच्या दुकानांतून रोज निघणारी आतडी, पिसं, पाय, मुंडकी निळ्या पिंपांत भरायची आणि माळावरच्या एका खड्ड्यात नेऊन ओतायची, एवढंच तिचं काम. पिंपांना झाकणं होती, पण ती कधी नीट बसलेली मी पाहिली नाहीत. हौद्याचा पत्रा मागे डाव्या बाजूला सडून त्याला भोक पडलं होतं, आणि पिंपांतून सांडलेलं सगळं पाणी, पाणी म्हणायचं म्हणून, त्या भोकातून थेट डाव्या मागच्या चाकावर गळायचं. किती वर्षं गळत होतं कोण जाणे. बाकीची तीन चाकं नुसती मळलेली होती. ह्या चाकावर काळा, चिकट, बोटभर जाड थर होता. त्यात पांढरी पिसं रुतून बसलेली, आणि वर माश्या. त्या माश्या गॅरेजमधल्या नव्हत्या. गाडीबरोबरच आल्या होत्या आणि गाडीबरोबरच जायच्या.

गाडीचे मालक स्वतःच ती चालवायचे. कर्जतकडच्या एका गावचे, भात लावणारे, साठीला आलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे.

मी इकडचा नाही. जालन्याकडचा. आठवीत शाळा सोडली आणि हाताला मिळेल ते करत करत साजगावच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागलो. ठेका संपला त्याच आठवड्यात मला कावीळ झाली. खोली सुटली होती. गावी जायचं तर उभं राहायची ताकद नव्हती. उस्तादांच्या गॅरेजबाहेर एक बाकडं आहे, त्यावर मी दोन दिवस बसून होतो. तिसऱ्या दिवशी ते बाहेर आले आणि म्हणाले, "बाबा, तू गिऱ्हाइक हायस का आजारी हायस, एकदा ठरव." मग त्यांनीच मला धरून मागच्या घरात नेलं. त्यांचे लोक मूळचे श्रीवर्धनकडचे, पण आजोबांपासून इथेच. त्यांच्या बायकोला मी चाची म्हणतो. तिनं मला महिनाभर पेज पाजली. मासळीच्या नुसत्या वासानं मला उलटी होते हे तिच्या लक्षात आलं, तेव्हापासून त्या घरात माझ्यासाठी वेगळी डाळ शिजते. सात वर्षं झाली. ह्या सात वर्षांत मी चांगला कारागीर झालो असं लोक म्हणतात. तरी रोज सकाळी शटर वर करताना मला वाटतं, आज उस्ताद म्हणतील, बाबा, आता तुझं तू बघ.

उस्तादांचा एकच नियम कडक होता. ब्रेकचं काम अर्धं ठेवून गाडी सोडायची नाही. पार्ट नसेल तर गाडी उभी राहील. गिऱ्हाइक शिव्या देईल, देऊ दे. आमच्या धंद्यात बरेच जण गळका ब्रेक "बंद" करून देतात. ज्या चाकातून ब्रेक ऑइल गळतं, त्या चाकाकडे जाणारी नळी चेपून टाकायची. मग ऑइल गळत नाही, उरलेल्या तीन चाकांवर गाडी थांबते, म्हणजे थांबल्यासारखी करते. घाटाखालच्या ह्या रस्त्यांवर अशा गाड्या किती फिरतात ते न मोजलेलं बरं. माझ्या आधी एक कारागीर होता. त्यानं एका टेंपोला असं केलेलं उस्तादांना सापडलं, आणि त्यांनी त्याला त्याच घडीला घालवलं. हातातला पाना पुसूनसुद्धा ठेवू दिला नाही. मी तिथेच उभा होतो.

तरी मी केलं. होळीनंतरच्या उन्हात उस्ताद आणि चाची गावाकडे लग्नाला गेले होते, गॅरेज माझ्यावर होतं. भर दुपारी काका आले. पिंपं गच्च भरलेली, आणि डाव्या मागच्या चाकातून ऑइल गळतंय. आतला सिलेंडर गेला होता. ब्रेक दाबला की चाकातले लायनर, म्हणजे आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, बाहेर ढकलणारी ती छोटी नळकांडी. खोपोलीत तो मिळाला नाही, पनवेलहून दुसऱ्या दिवशी येणार होता.

"आजच्यापुरता बंद करून दे रं," काका म्हणाले. "माल बघ, फुगायला लागलाय."

खरंच एका पिंपाचं झाकण आपोआप वर उचललं जात होतं आणि खाली बसत होतं. आतलं सगळं जिवंत असल्यासारखं.

मी काकांवर दया केली, असं सांगता आलं असतं तर बरं होतं. मला ती गाडी समोरून जायला हवी होती, बस. तोंडाला फडकं बांधून मी खाली सरपटलो, नळी सिलेंडरपासून सोडवली, तिचं टोक दुमडलं, परत दुमडलं, ठोकलं आणि वर आठच्या आकड्यात तार गुंडाळली. आमच्याकडे शेतात ठिबकच्या नळीचं टोक असंच बंद करतात. लहानपणापासून हजार वेळा केलंय, हात आपोआप करून गेला. पण इथे भाताच्या मुलखात ठिबक कोण लावतं? इथले चेपणारे हातोडीनं चेपतात आणि सोडून देतात. आठच्या आकड्यात तार गुंडाळणारा ह्या भागात मी एकटा. गॅरेजमधल्या पाण्याच्या पाइपाची तोटी गळते, म्हणून तोही मी रोज तसाच दुमडून बांधतो. उस्ताद त्याला "तुजी वेणी" म्हणतात. म्हणजे ती नळी जो कुणी पाहील, त्याला तिथे माझी सही दिसणार होती.

"परवा आणा, सिलेंडर बसवू," असं मी काकांना सांगितलं. सिलेंडर आला. मी तो फळीवर डब्यांच्या मागे ठेवून दिला. काका आले नाहीत. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. फोन करायचा रोज मनात यायचं, आणि रोज तो वास आठवायचा, की हात मागे यायचा. एकदोनदा खालापूरच्या नाक्यावर गाडी दिसली, तेव्हा मी पाठ करून टपरीवरच्या बरण्या बघत उभा राहिलो. उस्तादांना सांगू सांगू म्हणता पावसाळा गेला.

आणि आता गाडी दारात होती.

"काय उस्ताद, हायसा का?" काका उतरत म्हणाले.

"हाय. तुजा सेंट पोचला आधी."

"बायको पन ह्येच बोलते. अंगणात न्हायल्याबिगर आत घेत नाय."

"ती घेत नाय म्हनून तू हिकडं आलास?"

काका हसले. टायरला पाय लावून म्हणाले, "ब्रेक मारला का उजवीकडं खेचते. काल खोपोलीच्या उतारावर आडवीच झाली. म्होरं मोटारसायकल होती. नवरा-बायको, नि मधी पोर. माजा आरसा त्याच्या हँडलला घासून गेला."

"पडले?"

"नाय. ती बाई वलून बघत व्हती नुसती. शिवी पन दिली नाय."

हे सांगताना काकांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्यावरून कळलं की त्यांना सगळं आठवतंय. माझ्या मनात मात्र ती आरशाची घासलेली खूणच राहिली. गाडीच्या डाव्या आरशावर ती होती. लाल रंगाची, करंगळीएवढी.

"मी बघतो उस्ताद," मी म्हणालो. "तुमचा गुडघा दुखतोय, तुम्ही बसा."

उस्तादांना गाडीखाली जाता येत नाही, वर्ष झालं. त्याच्यावरच माझा सगळा हिशोब होता. चाक काढायचं, त्याच्या आतला ब्रेकचा ड्रम काढायचा, फळीवरचा सिलेंडर बसवायचा, आणि मध्येच खाली सरकून दुमडलेली नळी काढून नवी लावायची. तासाभराचं काम. ती जुनी नळी खिशात घालून नंतर कुठे तरी फेकली की संपलं. हा विचार करताना मला लाज वाटली नाही हे इथे लिहून ठेवतो. मला फक्त घाई होती.

उस्तादांची काम करायची एक पद्धत आहे. आधी पुसायचं, मग बघायचं, मग पाना लावायचा. चाकाच्या नटांवर तो काळा थर होता, त्यातून एक पीस वर आलेलं, त्याच्या मुळाशी माशी. मी काही पुसलं नाही. मान दुसरीकडे वळवून पाना अंदाजानं नटावर बसवला, पान्याच्या दांड्याला लांब पाइप लावला आणि त्यावर उभा राहिलो. नट हलेना. उडी मारली. टक्कन आवाज झाला आणि मी पाइपासकट खाली आलो. नटासकट स्टड तुटला होता. स्टड म्हणजे ज्या जाड खिळ्यावर तो नट बसतो तो. गंजलाय, मी म्हटलं, आणि दुसऱ्या नटाला पाना लावला. तोही टक्.

दुसऱ्या आवाजाला उस्ताद आपलं बुटकं लाकडी स्टूल घेऊन आले आणि माझ्या शेजारी मांडून बसले.

"किती तोडलेस?"

"दोन. गंज लई आहे."

"पुसलंस?"

"हो."

"कशानं, डोल्यानं?"

त्यांनी रॉकेलमध्ये फडकं बुडवलं आणि तिसऱ्या स्टडचं टोक उघड्या हातानं पुसायला घेतलं. तो थर निघताना दह्यासारखा निघत होता. मी दुसरीकडे बघितलं.

"हिकडं बघ. काय लिवलंय, वाच."

स्टडच्या टोकावर एक अक्षर ठोकलेलं होतं. "एल," मी म्हणालो.

"साळंत गेलायस ना?"

"आठवीपर्यंत."

"मंग एल म्हंजे काय?"

"लेफ्ट. उलटे आटे."

"नाय. एल म्हंजे लक्ष."

काका हसले. मी नाही. ह्या जुन्या जातीच्या पिकअपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. बाकी सगळीकडे नट ज्या दिशेनं सैल होतो, त्या दिशेनं इथे आवळतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. असली चाकं मी कितीतरी खोलली होती. पण आधी ते अक्षर बघायला घाण पुसावी लागते, आणि मला हात लावायचा नव्हता. मी पाइप लावून नट आवळत होतो, मोडेपर्यंत.

"आता मी हितंच बसतो," उस्ताद म्हणाले.

उरलेले तीन नट दुसऱ्या दिशेला फिरवले, मुकाट सैल झाले. चाक निघालं. चाकाच्या मागे जे होतं त्याचं वर्णन मी कधी कुणाला केलेलं नाही. बाहेरून दिसायचा तो थर वाळलेला होता. आतला ओला होता. चाक बाजूला घेतल्यावर तो हळूहळू ओघळायला लागला, आणि त्यात काहीतरी पांढरं वळवळत होतं. काकांनी पायानंच त्यावर माती लोटली. घरात सांडलेल्या चहावर लोटतात तितक्या सहज.

ड्रम निघेना. लोखंडाचं मोठं उपडं पातेलं असावं तसा तो असतो, त्याच्या आत ब्रेकचे लायनर. आतून झिजून त्याला कंगोरा पडला होता आणि लायनर त्या कंगोऱ्यात अडकले होते. मागून स्क्रूड्रायव्हर घालून लायनर सैल करायचे असतात, त्यासाठी आत असलेलं छोटं दातेरी चाकही गंजून एकजीव झालेलं. हातोडीनं भोवती ठोकलं, तर प्रत्येक ठोक्याला शिंतोडे. एक माझ्या ओठावर आला.

"गॅस लाव," उस्ताद म्हणाले.

मी गॅसची ज्योत ड्रमवर धरली. लोखंड तापलं की फुगतं आणि पकड सोडतं. पण आधी वरचा थर तापला. चरचर आवाज आला, धूर आला, आणि मग त्या धुराचा वास बदलला. चरबी भाजल्याचा वास. रक्त भाजल्याचा. सकाळपासून पोटात नुसता चहा होता. धाब्यावर बसल्यावर येतो तसा तो वास नाकात गेला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

ते कळायला मला दोन क्षण लागले. काका मागून म्हणाले, "च्यायला, भूक लागली रं." मी ज्योत बंद केली, भिंतीमागे गेलो आणि सकाळचा चहा ओकलो. घाण बघून ओकारी येते ते मला पाठ होतं. पण त्या घाणीला माझं तोंड जेवण समजलं, ह्याची किळस वेगळीच होती. त्यानंतर कितीतरी दिवस मी भाजलेलं काही खाऊ शकलो नाही, वांगंसुद्धा.

परत आलो. उस्तादांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. ड्रमला आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट पिळत गेलं की ड्रम हळूहळू बाहेर ढकलला जातो. मी एक पिळा इकडे, एक तिकडे, असं करत राहिलो. शेवटी चिखलातून पाय निघावा तसा आवाज करत ड्रम हातात आला. आत लाल पाणी साठलं होतं. लायनर आसाच्या ऑइलनं भिजून काळे, आणि सगळ्यावर पिसांचा लगदा. इतक्या आत पिसं कशी गेली कुणास ठाऊक.

उस्ताद पुढे वाकले. सिलेंडरवरचं रबर त्यांनी बोटानं उचकटलं. आत कोरडा गंज.

"हितं ब्रेक ऑइल नाय," ते म्हणाले. "थेंब नाय. पेडल मार रं."

काका केबिनमध्ये चढले आणि पेडल दाबायला लागले. फस् फस् आवाज. सिलेंडर मेलेलाच.

"मी खाली जाऊन बघतो," मी म्हणालो.

"थांब."

त्यांनी बाही वर केली. स्टुलावर बसल्या बसल्या हात ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या पलीकडे घातला आणि आसाच्या कडेनं, त्या ओल्या घाणीतून, चाचपत नेला. नजर समोर, रस्त्याकडे. बोटं आत कुठेतरी थांबली. मग ती परत मागे आली, पुन्हा पुढे गेली. उस्ताद तारेचे वेढे मोजत होते. एक वेढा, दुसरा वेढा.

"कुनाचं काम ह्ये?" त्यांनी काकांना विचारलं.

काका खिडकीतून म्हणाले, "लोनावल्याला केलं. रस्त्यावर एक जन व्हता."

काका खोटं बोलले ते माझ्यासाठी. मी ते बोलू दिलं. क्षणभर छातीतला दगड हलका झाला, आणि त्या हलकेपणाची मला आत्ताही शिसारी येते.

"लोनावल्याला आता वेन्या घालतात व्हय?" उस्ताद म्हणाले.

काकांनी पेडलवरचा पाय काढला.

"मी केलं, उस्ताद," मी म्हणालो. "होळीनंतर. तुम्ही गावी होता."

"मीच बोल्लो त्याला," काका खाली उतरले. "माल सडत व्हता. त्याचा काय दोष नाय."

"तू बोलशील. तुला ब्रेकमदलं काय कलतं?" उस्तादांनी हात बाहेर काढला. कोपरापर्यंत काळा झाला होता. "ह्याला कलतं."

ते उठले, लंगडत नळाकडे गेले. तिथे पाण्याचा पाइप मी आदल्या संध्याकाळी बांधलेला तसाच होता. हात घाणीनं निसरडे, त्यांना तार सुटेना. मी पुढे झालो.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

बराच वेळ लागला. एका हातानं, मग दातानं. त्या हातांचं काहीतरी त्यांच्या तोंडाला लागलं असणार. शेवटी पाणी आलं. त्यांनी साबण लावून तीनदा हात धुतले, चूळ भरली आणि घरात निघून गेले.

दुपारी चाची डबा घेऊन बाहेर आली. एरवी उस्ताद आणि मी एकाच फळीवर बसून जेवतो. त्या दिवशी ती एकाचंच ताट घेऊन आली.

"काय झालं रं? त्ये तोंड पाडून बसलंत घरात."

"काही नाही चाची."

"काय नाय तर जेव." ती तिथेच उभी राहिली. मी घास उचलला की हाताचा वास यायचा. तिच्या हातचा डाळ-भात मी कधी नाकारलेला नव्हता. मी डावा हात नाकावर ठेवून सगळं गिळलं. ती रिकामं ताट घेऊन आत गेली.

काम मी एकट्यानं केलं. तुटलेले स्टड मागे ठोकून काढले, भंगारच्या डब्यातून "एल"वाले दोन शोधून, पुसून, वाचून बसवले. नवे लायनर, नवा सिलेंडर, नवी नळी. त्या बाजूचं सगळं रॉकेलनं धुतलं, उघड्या हातांनी, कारण फडकं निसटत होतं. नखांत गेलेलं आठवडाभर निघालं नाही. काकांनी पेडल दाबायचं आणि मी नळीतली हवा सोडायची, असं ऑइल भरलं. काका मधेच हळूच म्हणाले, "मला वाटलं तूच फोन करशील."

"मला वाटलं तुम्ही याल," मी म्हणालो.

चाक चढवून झाल्यावर उस्ताद बाहेर आले आणि पाना घेऊन पाचही नट त्यांनी स्वतः तपासले. माझं काम त्यांनी शेवटचं कधी तपासलं होतं मला आठवत नव्हतं. मग म्हणाले, "माल भरून आना. गाडी ह्यो चालवंल. मी बाजूला बसतो."

खोपोलीच्या दुकानांतली पिंपं त्या दिवशी मी उचलली. काका एका बाजूला, मी एका बाजूला. आतलं हिंदकळलं की माझ्या पोटरीवर पडायचं, कोमट. केबिनमध्ये आम्ही तिघं दाटून बसलो, काच बंद करता येत नव्हती. काका मधे होते, उस्ताद दाराशी, दुखरा गुडघा धरून. काल काकांची गाडी आडवी झाली त्याच उतारावर आलो. मागे कुणी नाही हे उस्तादांनी आरशात पाहिलं.

"मार."

मी मारला. गाडी जागेवर थांबली. पिंपांनी मागून केबिनला धडक दिली आणि काहीतरी माझ्या मानेवर उडालं.

"परत."

पाच वेळा. पाचव्यांदा ते उतरले, रस्त्यावर वाकून टायरच्या खुणा बघितल्या. दोन्ही बाजूंना सारख्या, सरळ. ते परत येऊन बसेपर्यंत मला वाटत होतं, आता सांगतील. सात वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते वाक्य आता येणार. शेवटी मीच म्हणालो, "उस्ताद, मी जाऊ का?"

"कुठं?"

"गावाला."

त्यांनी दार ओढून घेतलं. ते नीट लागत नाही, तीनदा ओढलं. "आज काय वार हाय?"

"सोमवार."

"दर सोमवारी खड्ड्यावर जायचं. ह्याच्या गाडीची चारी चाकं, नल्या, सगलं हात लावून बघायचं. गाडी हाय तवर. गाडी संपली का मंग जा कुठं जायचं तितं."

"म्हंजे म्हातारपनापरयंत," काका म्हणाले.

"कुनाच्या?"

"गाडीच्या रं. माजं तर झालंच."

त्याला आता वर्ष होत आलं. मी दर सोमवारी जातो. लोक म्हणतात सवय होते. मला झालेली नाही. खड्ड्याच्या अलीकडच्या वळणालाच मी तोंडाला फडकं बांधतो, आणि काकांनी दिलेला चहा मी गाडीपासून पन्नास पावलं लांब जाऊन पितो. चाकं बघून झाली की गॅरेजवर येऊन उस्तादांना सांगतो, ते मान हलवतात. आता पुन्हा एका फळीवर जेवतो आम्ही.

मागच्या महिन्यात त्यांच्या गावी परत लग्न निघालं. मागच्या खेपेला गॅरेज माझ्यावर सोडून गेले होते. ह्या खेपेला जायच्या सकाळी त्यांनी स्वतः शटर ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मी शेजारी उभा होतो. चाची रिक्षात बसता बसता मागे वळली आणि घराची किल्ली माझ्या हातात देत म्हणाली, "डाल करून ठेवलीय, दोन दिस पुरंल. मंग तुजं तू शिजव." उस्तादांनी ते पाहिलं आणि रिक्षावाल्याला चल म्हणाले. चार दिवस मी ओट्यावर बसून होतो. गाड्या यायच्या, बंद शटर बघून पुढे जायच्या, आणि मी प्रत्येकाला सांगायचो, उस्ताद नाहीत, शनिवारी या.